शून्य मार्कांचे नाना

नानांना मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा ते रक्त द्यायला बसले होते आणि सिस्टरला रक्त कसं काढायचं ते शिकवत होते.

"घाई करू नका. शीर तिच्या मनानं वर येऊ द्या. जबरदस्ती केली की ती लपती."

सिस्टरची बारा वर्षं याच कामात गेलेली. तिने सुई ट्रेमध्ये ठेवली आणि म्हणाली, "नाना, मग तुम्हीच काढता का?"

"काढलं असतं," नाना म्हणाले, "पर डाव्या हाताला सवय न्हाय."

नाना हे त्यांचं खरं नाव नाही. आमच्याकडे येणाऱ्या माणसांची नावं बाहेर जाऊ द्यायची नाहीत असं आमच्या डॉक्टर मॅडमनी बजावलं आहे, म्हणून ही वही माझी एकटीची असली तरी तिच्यातसुद्धा मी नानाच लिहिते. बाकीच्यांचीही नावं बदललेली.

कोल्हापुरातल्या आमच्या दवाखान्यात वरच्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. तिथे मन खचण्याच्या आजारावर पुष्कळ वर्षं चालणारा एक अभ्यास आहे. खोल्या झाडायच्या, रक्ताच्या नळ्या खालच्या लॅबमध्ये पोचवायच्या, उपाशीपोटी रक्त दिलेल्या माणसांना चहा-बिस्किट द्यायचं, एवढं माझं काम. चौथीपर्यंत शिकल्यामुळे नळीवरची नावं वाचता येतात. बोलायचं काम नाही, ते मला बरं वाटतं.

अभ्यास कशाचा ते मॅडमनी मला एकदा सांगितलं होतं. साखर वाढली तर रक्तात दिसते. ताप आला तर पाऱ्यावर दिसतो. पण मन खचलं तर कुठे दिसतं? माणूस तोंडाने सांगेल तेवढंच. मग रक्तात, लाळेत, झोपेत त्याची काही खूण सापडते का, आणि कुणाला कोणतं औषध लागू पडेल हे आधीच ओळखता येईल का, ते शोधायचं. त्यासाठी तीच माणसं दर तीन महिन्यांनी वर्षानुवर्षं येतात. रक्त देतात, लाळ देतात आणि प्रश्नांचा एक कागद भरतात. झोप लागते का, भूक लागते का, पूर्वी ज्यात आनंद वाटायचा त्यात आता वाटतो का, असे प्रश्न. प्रत्येकापुढे शून्य ते तीन यातला एक आकडा लिहायचा. बेरीज जितकी कमी तितका माणूस बरा. बेरीज उतरली तर त्याच गोळ्या चालू, नाही उतरली तर मॅडम गोळ्या बदलणार.

नाना हे पेठ वडगावजवळच्या एका गावचे गुळव्या. गुऱ्हाळात उसाचा रस मोठ्या काहिलीत उकळत असतो. तो गूळ व्हायला नेमका कधी आला आणि काहील कधी उतरवायची हे ठरवणारा माणूस तो गुळव्या. तीस वर्षं त्यांच्या शब्दावर काहिली उतरल्या. मग दोन हंगाम ते गुऱ्हाळात गेलेच नाहीत. पहिल्या दिवशी मॅडमनी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, "रस उकळतोय का पाणी, काय वाटंनाच झालंया. परत काहिलीम्होरं उभं ऱ्हायचं हाय, तेवढं करा." तब्येतीबद्दल बराच काळ ते जे बोलले त्यात एवढंच खरं होतं, हे आम्हाला पुढे कळलं.

मॅडम नव्या लोकांना अभ्यास समजावून सांगतात तेव्हा सगळे मान हलवतात आणि कुणालाच काही कळलेलं नसतं. नानांनी मात्र ऐकता ऐकता मांडीवर हात मारला.

"म्हंजे गोळी बघायची की."

"कसली गोळी, नाना?"

"पाकाचा थेंब गार पाण्यात सोडायचा आन् बोटात गोळी वळायची. कवळी लागली तर आजून टाइम हाय. कडक झाली तर उतरवा. सगळी काहील चाखत बसायला लागत न्हाय. तुमी माणसाची गोळी बघताय."

मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं. त्या दिवसापासून अभ्यास नानांचा झाला आणि मॅडम त्यांच्या हाताखाली आल्या.

लाळेचं काम घरी करायचं असतं. सकाळी डोळा उघडल्याबरोबर, चूळ न भरता, मिसरी न लावता, नळीत लाळ घ्यायची आणि वेळ लिहायची. पहिल्याच वेळी सकाळी सकाळी नानांचा सिस्टरला फोन.

"सिस्टर, थुकी यीना झालीया."

"थोडं थांबा नाना."

"अर्धा तास थांबलोय. सगळं घर बघाय जमलंय, त्येनं आणि कोरड पडली."

"सगळ्यांना बाहेर काढा आणि चिंच आठवा."

तिसऱ्या दिवशी ते नळी घेऊन आले. रेघेपर्यंत हवी होती, त्यांनी गळ्यापर्यंत भरली होती. "उरली तर दुसऱ्या कुणाला लावा," म्हणाले. नळी नव्या खणाच्या कापडात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवली होती, दह्याच्या भांड्याशेजारी. घरातल्यांनी तेव्हापासून दही खायचं सोडलं म्हणे.

तोंडावर बोलायची त्यांना सवय होती. चंदगडकडचे एक निवृत्त गुरुजी आमच्या अभ्यासात होते. नाना त्यांना म्हणाले, "गुरुजी, तुमची कवळी तुमच्या आधी बोलाय लागतीया." मॅडमना म्हणाले, "अक्षर बघून वाटतंय मुंगी शाईत पडून घराकडं निघाली." मला ते आक्का म्हणायचे, वयाने वीस वर्षांनी मोठे असून. माझा पहिला चहा घोटभर पिऊन म्हणाले, "आक्का, ह्यो च्या हाय, का पान्याला च्याची नुसती वळख करून दिलीस?" दुसऱ्या वेळेपासून मी पावडर वाढवली.

रक्ताच्या दिवशी ते सगळ्यांच्या आधी येऊन बसायचे आणि येणाऱ्या प्रत्येकाची उलटतपासणी घ्यायचे. उपाशी आलाय का? तंबाखू खाल्ली का? गोळ्या चुकल्या का? जोतिबाच्या डोंगरावर नारळ-गुलालाचं दुकान असलेल्या सुशीलाबाई एकदा घरातून चहा पिऊन आल्या, तर नानांनी त्यांना जिन्यातूनच परत लावलं होतं. सिस्टर धावत गेली म्हणून बरं.

प्रश्नांच्या कागदाची तर नानांनी परीक्षाच केली. पहिल्या दिवशी बेरीज मोठी आली. ते घाबरून म्हणाले, "म्हंजे नापास?"

मॅडम हसल्या. "यात पास-नापास नसतं, नाना. जितका आकडा कमी तितकं बरं."

त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं नानांनी धरलं. पुढच्या खेपेला बेरीज निम्म्यावर आली. त्याच्या पुढच्या खेपेला तीन. वर्ष व्हायच्या आत शून्य. खोलीतून बाहेर येताना ते अंगठा आणि बोट जुळवून सगळ्यांना गोल दाखवायचे. "पयला नंबर." आणि बाकावर बसून इतरांना सल्ला द्यायचे, "शून्याला धरून ऱ्हावा. येक-दोनच्या नादाला लागू नका."

मॅडम खूश. एवढ्या माणसांत नानांना गोळ्या इतक्या छान लागू पडल्या, त्यांच्या रक्तात काय वेगळं आहे ते बघायला हवं, असं त्या मोठ्या डॉक्टरांना सांगताना मी ऐकलं होतं. गोळ्या त्याच चालू राहिल्या. दोन वर्षं.

मग एकदा त्यांच्याबरोबर त्यांच्या पत्नी, काकू, आल्या. त्यांना खाली डोळे दाखवायचे होते. नाना आत रक्त देत होते आणि काकू माझ्याशेजारी बसून पदराने चष्मा पुसत होत्या. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, "आता नाना गुऱ्हाळावर जात असतील."

"कुठलं जातंय," काकू म्हणाल्या. "आंथरुणातनं उठत न्हाईत. जेवा म्हटलं की जेवत्यात, न्हाईतर ते बी न्हाय. हितं यायचं असलं की तेवढी आंघूळ हुती. रोजच रगात घेतलं तर बरं हुईल बघा."

मी म्हटलं, "पण ते तर कागदावर शून्य लिहितात."

"शून्य म्हंजे?"

"काहीच त्रास नाही."

काकू चष्मा पुसायच्या थांबल्या. "आसं लिवत्यात व्हय," एवढंच म्हणाल्या आणि डोळ्यांचा नंबर आला म्हणून खाली गेल्या.

हे मॅडमना सांगायला हवं हे कळत होतं. पण मॅडमच्या खोलीत आपणहून जाऊन बोलायचं माझ्याच्याने कधी झालेलं नाही. शिवाय नानांच्या मागे जाऊन सांगणं मला चुगली वाटत होती. तेवढ्यात नाना दंडावर कापूस दाबून आले आणि चहाला बसले. मी कप दिला आणि कसं कोण जाणे, विचारलं.

"नाना, गोळी झाली नसताना झाली म्हणून काहील उतरवली, तर?"

"कोण उतरवतंय?"

"समजा."

"समजा काय? गूळ बसत न्हाय. वरनं गुळावानी दिसतूया, बोट घातलं की आत सगळा लिबलिबीत. ऊस गेला, जळाण गेलं, समद्यांची म्हेनत गेली. त्यो गुळव्या न्हवंच."

मला पुढे सांगायची गरज पडली नाही. नानांनी बिस्किट चहात बुडवलं होतं, ते तसंच धरून राहिले. बिस्किट मऊ होऊन गळून पडलं, तरी त्यांची बोटं कपावर तशीच.

"काकू बोलली व्हय तुला?"

मी मान हलवली.

"आक्का," ते हळू म्हणाले, "येवढी शिकल्याली पोरगी. सुट्टीदिवशी बी फोन करून इचारती. तिनं एवढ्या मायेनं गोळ्या दिल्या, आन् तिच्या तोंडावर म्हणायचं, तुझ्या गोळ्यानं काय फरक न्हाय? पावण्याला जेवताना इचारलं, कसं झालंय, तर अळणी हाय म्हणायचं आसतंय व्हय?"

"माझ्या चहाला म्हणालात की."

"तू घरची हाईस."

तसं बघितलं तर आमच्याकडे हे सगळेच करतात. रस्त्यात कुणी 'बरं हाय न्हवं' म्हणालं की 'बरं हाय' म्हणायचं. विचारणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असतं, सांगणाऱ्यालाही. नानांनी तेच केलं होतं, फक्त कागदावर आणि दर तीन महिन्यांनी.

कप ठेवून ते उठले आणि दार न वाजवता मॅडमच्या खोलीत गेले. दार उघडंच राहिलं, म्हणून पुढचं मला दिसलं आणि ऐकू आलं.

"म्याडम, माझं मागचं समदं पेपर काढा. परत लिवायचं हाईत."

"का नाना? काय झालं?"

"कॉपी केलीया."

"कुणाची?"

"बऱ्या माणसाची."

मग मॅडम म्हणाल्या, "किती वेळा?"

"पयला सोडून समदे."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांनी ते सगळे आकडे रक्ताच्या तपासणीशेजारी मांडून ठेवले होते. दोन वर्षांचं काम. नाना त्यांच्याकडे बघत उभे होते. शेवटी म्हणाले, "रडू नका म्याडम. रगात खरं हाय. रगातात मी कायबी मिसळल्यालं न्हाय."

मॅडमना हसू आलं आणि मग डोळे पुसावे लागले.

"जुना कागद खोडता येत नाही, नाना. तुम्ही आज जे सांगितलंत ते त्याच्यापुढे लिहून ठेवायचं. तारीख घालून."

"म्हंजे माझं खोटं बी जपून ठिवणार."

"हो."

"कुलपात?"

"कुलपात."

"मग चालंल," नाना म्हणाले. "पर थांबा. भाईरच्यास्नी बी मीच बिघडवलंय."

आणि मॅडमना काही कळायच्या आत ते बाहेर आले. बाकावर सहा-सात माणसं होती. नाना मध्ये उभे राहिले.

"पावणं, मी तुमास्नी शून्य घ्या, शून्य घ्या म्हणत हुतो. ते चुकलं. कुणी माझं ऐकून लिवलं आसंल तर आत जाऊन सांगा. न्हाईतर ह्या बाईचा गूळ बसायचा न्हाय."

मग गुरुजी घसा साफ करून म्हणाले, "मी खोटं लिहिलेलं नाही. मी सगळीकडे एक लिहिलं."

"सगळीकडं?"

"टोकाचं उत्तर देऊ नये माणसानं."

"गुरुजी, प्रश्न तरी वाचला का?"

"वाचला. वाचून एक लिहिलं."

सुशीलाबाई इतका वेळ खाली बघत होत्या. त्या म्हणाल्या, "मी तीन लिवते. सगळ्याला तीन."

"एवढा तरास हाय?" नाना म्हणाले.

"हुता. आता तेवढा न्हाय. पर बरी झाल्यावर मला हितं कोण बोलवंल? डोंगरावर दिवसभर मानसं येत्यात, नारळाचा भाव इचारत्यात. झोप लागली का, असं हितंच इचारत्यात."

मॅडम दारात उभ्या राहून ऐकत होत्या. मला वाटलं आता ओरडतील. पण त्या येऊन सुशीलाबाईंच्या शेजारी बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "बरं झालात तरी बोलावणार. बऱ्या माणसाचंही रक्त लागतं मला."

पुढे मोठ्या डॉक्टरांना विचारून त्यांनी रीत बदलली. कागद बाकावर भरायला द्यायचा नाही. एकेकाला आत बसवून सावकाश विचारायचं, आणि माणसाची हरकत नसेल तर घरच्यांनाही विचारायचं.

त्या दिवशी मात्र सगळे बोलून गेल्यावर नाना परत आत गेले आणि मॅडम म्हणाल्या, "आता आजचा कागद. खरा." या वेळी त्यांनी दार लावून घेतलं.

एरवी नानांना तो कागद भरायला पाच मिनिटं लागत. त्या दिवशी दीड तास लागला. मी दोनदा पाणी घेऊन गेले, दोन्ही वेळा मॅडमनी दार किलकिलं करून तांब्या घेतला. कागदात शेवटचा प्रश्न जगणं नको वाटतं का, असा आहे. तिथे नानांनी काय सांगितलं ते मला माहीत नाही. मॅडम बाहेर आल्या त्या सरळ मोठ्या डॉक्टरांना घेऊन आल्या. मग काकूंना खालून बोलावलं. घरात काय काय कुलपात ठेवायचं आणि पुढचे काही दिवस नानांना एकटं सोडायचं नाही, असं त्यांना नीट समजावून सांगितलं. काकू सगळ्याला 'व्हय' म्हणत होत्या. नाना त्यांच्याशेजारी एवढे लहान दिसत होते की मी जिन्यापर्यंत त्यांची पिशवी धरली.

गोळ्या बदलल्या. महिनाभर काही झालं नाही. नाना दर आठवड्याला यायचे आणि मॅडमना तोंडावर सांगायचे, "काय फरक न्हाय." सांगताना अजून त्यांचा आवाज खाली जायचा, जणू कुणाच्या घरी जेवून अळणी म्हणत होते. मॅडम म्हणायच्या, "बरं झालं सांगितलंत." दुसऱ्या गोळ्यांनी पोट बिघडलं. तेही त्यांनी सांगितलं, आणि असं सविस्तर सांगितलं की सिस्टर म्हणाली, "नाना, पुरे, मला जेवायचं आहे." मग आणखी बदल झाला आणि हळूहळू आकडा उतरायला लागला. कधी खाली, कधी परत वर. एकदा पाचवरून नवावर गेला तेव्हा सिस्टर म्हणाली, "नाना, नंबर घसरला तुमचा."

"घसरू दे," नाना म्हणाले. "सोता लिवल्याला हाय."

त्या हंगामात ते गुऱ्हाळावर गेले. मॅडमनी मोठ्या आशेने विचारलं, "कसं वाटलं?" पूर्वीचे नाना असते तर झकास म्हणून मोकळे झाले असते. हे म्हणाले, "चार काहिली उतरवल्या. वास बराबर आला. पाचवीला हात चालंना, घराकडं आलो आन् निजलो. दुसऱ्या दिवशी गेलो न्हाय. तिसऱ्या दिवशी गेलो." मॅडमनी जसंच्या तसं लिहून घेतलं. ती खूण रक्तात अजून सापडलेली नाही. मॅडम म्हणतात, अशा कामाला वर्षं लागतात.

नानांची अभ्यासातली मुदत संपली त्या दिवशी शेवटचं रक्त झालं, शेवटचा कागद झाला. सिस्टरला त्यांनी सांगितलं, "आता जरा हात बसलाय तुझा." आणि गेले. मी कप उचलायला गेले तर त्यांची कापडी पिशवी बाकाखालीच. ती घेऊन मी खाली धावले.

ते फाटकाबाहेर उभे होते. त्यांच्या गावाकडचा एक माणूस मोटारसायकलवरून चालला होता, त्यांना बघून तो थांबला. गाडी चालूच होती, एक पाय जमिनीवर.

"काय नाना, बरं हाय न्हवं?"

नानांनी थोडा विचार केला. मग म्हणाले, "मागल्या महिन्यात बरं हुतं. ह्या आठवड्यात झोप मोडतीया. सकाळच्या पारी उठूशी वाटत न्हाय, दुपारनंतर येतंय जरा बळ. ज्येवण जातंय."

मला वाटलं, आता तो माणूस हसून निघून जाईल. त्याने मागे-पुढे बघितलं, किल्ली फिरवून गाडी बंद केली आणि स्टँडवर लावली.

मी त्यांच्या मागे थोड्या अंतरावर पिशवी घेऊन थांबले. मध्ये जाऊन बोलणं मला जमेना. जरा वेळाने बघितलं तर नाना गप्प झाले होते आणि तो माणूस बोलत होता. खाली बघत, पायाच्या अंगठ्याने माती उकरत, सलग बोलत होता. नाना मान हलवत होते. मध्येच एकदा त्यांनी विचारलेलं ऐकू आलं, "कवापास्नं?"

मी पिशवी त्यांच्या पायाशी ठेवली आणि आवाज न करता वर आले.